चाक आणि मडगार्ड यांमधली जागा

पावसाळा सुरू झाला की आमच्या दीपनगरात दोन प्रकारचा चिखल होतो. एक राखेचा आणि दुसरा काळ्या मातीचा. भुसावळहून वरणगावकडे जाणाऱ्या महामार्गालगत औष्णिक विद्युत केंद्र आहे. तेथील राख वाहून नेणाऱ्या मालमोटारींची ये-जा या रस्त्याला सवयीची झाली आहे. राखेचा चिखल पातळ असतो. तो अंगावर उडतो, वाळतो आणि झटकला की बराचसा निघून जातो. काळ्या मातीची गोष्ट निराळी. ती चिकटते, साठते आणि थरावर थर चढवीत जाते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी ही जमीन पहिल्या दोन-तीन पावसांत पाणी पिऊन फुगते आणि मग तिच्यावरून जाणाऱ्या प्रत्येक पायाला व चाकाला आपला वाटा चिकटवून देते. शेतातून घरी परतणारा शेतकरी वहाण हातात घेतो आणि अनवाणी चालतो, त्याचे कारण हेच आहे.

वाचकहो, एका धर्मगुरूने मोटारीच्या मडगार्डवर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्यांनी खानदेशात धर्मग्राम सांभाळला आहे त्यांना ते वाटणार नाही. आमच्या आयुष्याचा मोठा भाग रस्त्यावर जातो आणि रस्ता जिथे संपतो तिथे पोहोचायचे की नाही, हा प्रश्न पुष्कळदा चाकावर अवलंबून असतो. चाक केवढे असावे, त्याच्या भोवती जागा किती असावी आणि ती जागा करण्यासाठी मडगार्डचा पत्रा किती कापावा, या वरवर पाहता मिस्त्रीच्या गोष्टी आहेत. तरीही त्यांत विचार करण्याजोगे काही आहे, असे मला अनेक वर्षे वाटत आले आहे.

आपल्या जुन्या बैलगाडीकडे पाहा. तिला मडगार्ड नसते. चाक साट्याच्या बाहेरच्या अंगाला असते आणि दोहोंमध्ये हात शिरेल एवढे अंतर सुताराने राखलेले असते. धावेवर आणि आऱ्यांवर चढलेला चिखल फिरता फिरता आपल्याच वजनाने गळून पडतो. चाक मोठे, त्यामुळे खड्ड्याची कड त्याला लहान वाटते. आस उंच, त्यामुळे मधला उंचवटा त्याखालून निघून जातो. आज मोठमोठ्या मोटारींच्या जाहिरातींत जे गुण सांगितले जातात, त्यांपैकी दोन आपल्या सुताराने शतकानुशतके बाभळीच्या लाकडात साधले होते. गाडीचा वेग बेताचा असल्यामुळे चिखल उडण्याचा प्रश्न फारसा नव्हता. वेग आला आणि मडगार्ड आले. सायकलला आले, मोटारीला आले. त्याबरोबरच चिखलाला अडकून बसण्यासाठी जागाही तयार झाली. पावसाळ्यात शेतरस्त्याने जाणारे अनेक जण सायकलचे मडगार्ड काढूनच ठेवीत, हे माझ्या पिढीच्या वाचकांना आठवत असेल.

याचा खरा अर्थ मला १९९९ च्या पावसाळ्यात समजला. सेमिनरीतून बाहेर पडून फार काळ लोटला नव्हता. सातपुड्यातील अक्राणी तालुक्यात साहाय्यक धर्मगुरू म्हणून माझी नेमणूक झाली होती. हा तालुका १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होता व त्या दिवशी नंदुरबार जिल्हा स्वतंत्र झाल्यावर तिकडे गेला. केंद्रावर एक जुनी जीप होती. एका सकाळी वरच्या पाड्यावरून निरोप आला की एक बाई रात्रीपासून अडली आहे, तिला धडगावच्या दवाखान्यात न्यावे लागेल. आम्ही जीप घेऊन निघालो. डोंगरावरची मुरमाड वाट जीपने सहज काढली. परंतु खाली नाल्याकाठी काळ्या मातीचा एक पट्टा होता. फार तर अर्ध्या किलोमीटरचा. तिथे पुढच्या चाकांना चिखल चढू लागला. चाक फिरे, चिखल वर नेई, मडगार्डच्या आत दाबून बसवी, आणि पुढच्या फेरीला त्यावर आणखी एक थर देई. थोड्याच वेळात दोन्ही चाके जणू कोणी आतून घट्ट धरून ठेवावीत तशी जाम झाली. इंजिन चालू होते, मागची चाके जागच्या जागी फिरत होती, आणि पुढची चाके नांगराच्या फाळासारखी जमिनीत ओढली जात होती.

आम्ही खुरपे आणि पहार घेऊन मडगार्डमधला चिखल उकरू लागलो. तेवढ्यात मागून माणसांचा आवाज आला. आमची वाट पाहून पाड्यावरच्या लोकांनी बाईला बांबूच्या झोळीत घातले होते आणि दोघे पुढे, दोघे मागे असे ते चौघे पावरा बांधव झपाझप उतरत आले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिले, क्षणभर थांबले आणि जीपला वळसा घालून पुढे निघून गेले. त्यांचे पाय पिंढरीपर्यंत चिखलात रुतत होते आणि प्रत्येक पावलाला बाहेर निघत होते. आम्ही चाके मोकळी करून पक्क्या रस्त्याला लागलो तेव्हा ती मंडळी झोळी खाली ठेवून उभी होती. तिथून पुढचा प्रवास जीपने झाला. बाई आणि बाळ दोघेही सुखरूप राहिली. परंतु अर्ध्या किलोमीटरच्या त्या पट्ट्यात माणसाच्या पायांनी मोटारीला मागे टाकले होते, आणि त्याचे कारण इंजिनाची ताकद नव्हती. चाकाभोवती चार बोटे जागा कमी होती, एवढेच.

पुढच्या आठवड्यात आमच्या वरिष्ठ फादरांनी जीप धुळ्याला पाठवली. मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला मालमोटारींची पुष्कळ गॅरेजेस आहेत. त्यांपैकी एका गॅरेजात वयस्क मिस्त्री होते. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो. मी त्यांना म्हणालो, “चाचा, थोडे मोठे टायर बसवा आणि पत्रा जरा कापा.” ते हसले. म्हणाले, “फादर, गाडी अशी सपाटीवर उभी असताना जागा भरपूर दिसते. ही जागा खरी नाही. चाक अडचणीत असताना किती जागा उरते, ती खरी.”

मग त्यांनी जे केले ते मी दिवसभर शेजारी बसून पाहिले. प्रथम त्यांनी जीपमध्ये वाळूची पोती भरली, कारण रिकाम्या गाडीच्या पाट्यांवरून भरल्या गाडीचा अंदाज येत नाही. नंतर डावे पुढचे चाक विटांच्या थप्पीवर चढवले आणि त्याच्या समोरचे तिरपे मागचे चाकही उचलले, म्हणजे गाडी खड्ड्यात जशी पिळली जाते तशी पिळली गेली. टायरच्या खांद्याला त्यांनी ओल्या खडूने रंग दिला आणि सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले. जिथे टायर पत्र्याला घासला तिथे खडू उमटला. उजव्या चाकाचेही तसेच केले. खडूच्या त्या खुणांच्या पलीकडे त्यांनी चिखलासाठी आणखी दोन बोटे जागा धरली आणि तिथे रेघ मारली. कापायचे ते त्या रेघेपर्यंत, त्याच्या पुढे एक सूतही नाही.

कापण्यापूर्वी त्यांनी पत्र्याच्या मागे हात घालून दिव्यांच्या तारा आणि ब्रेकची नळी कुठून जाते ते चाचपले. चाक अधिक वर येणार असेल तर ब्रेकची नळी ताणली जाता कामा नये आणि टायरला घासताही कामा नये, असे त्यांनी आपल्या पोऱ्याला दोनदा बजावले. पत्रा कापून झाल्यावर मला वाटले, काम झाले. खरे काम तेव्हा सुरू झाले. मडगार्डच्या मूळ कडेला आत वळवलेली दुमड असते. तिच्यामुळेच पातळ पत्र्याला ताठपणा येतो. ती कापली की पत्रा थरथरू लागतो, त्याला तडे जातात आणि उघड्या कडेला पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. चाचांनी नव्या कडेला बारीक सळई वळवून घेतली, घागरीच्या आणि बादलीच्या काठात तांबट तार घालतो तशी, आणि पत्रा तिच्यावर दुमडून जागोजागी डाग दिला. त्यावर गंजरोधक तांबडा रंग, मग काळा रंग. शेवटी जितका पत्रा गेला होता त्याहून थोडी अधिक रुंद अशी रबराची पट्टी त्यांनी कडेवर बोल्टांनी बसवली. जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचे ते रबर होते.

मी विचारले, “चाचा, आता एवढी जागा केली, मग ही पट्टी कशाला? पुन्हा चिखल अडकेल.”

ते म्हणाले, “पट्टी चाकाच्या वर नाही, बाहेर आहे. आतला चिखल खाली पडेल. बाहेरचा कुणाच्या अंगावर उडणार नाही. मडगार्ड गाडीवाल्यासाठी नसते, फादर. गाडीवाला आत बसलेला असतो. ते रस्त्याने चालणाऱ्यासाठी असते.”

हे वाक्य मी आजवर विसरलो नाही. आपण एखादी वस्तू आपली म्हणून विकत घेतो. तिचा प्रत्येक भाग आपल्या सोयीसाठी आहे असे धरून चालतो. परंतु मडगार्ड हा मोटारीचा असा भाग आहे की ज्याचे पैसे मालक देतो आणि ज्याचा लाभ बव्हंशी परक्याला मिळतो. घरासमोरचा कठडा, विहिरीचा काठ, जिन्याचा दिवा यांच्याच पंक्तीत ते बसते.

चाचांचे हे शहाणपण जगात इतरत्रही लोकांना आपापल्या गरजेतून सापडलेले दिसते. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून अमेरिकेच्या सैन्याला मिळू लागलेली विलीज जीप पाहा. तिचे मडगार्ड म्हणजे चाकाच्या वर आडवी टाकलेली सपाट पाटी. बाजूने सारे उघडे. सौंदर्याचा विचार फारसा नाही, पण चिखल पडून जायला वाट आहे आणि हात घालून चाक साफ करायलाही. त्याच घराण्यातील जीप स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत जोडायला सुरुवात केली आणि पुढे खानदेशातील कित्येक खेड्यांनी पाहिलेली पहिली मोटार तीच ठरली. दुसरे उदाहरण आइसलँडचे. तेथे बर्फाच्या पठारांवरून जाण्यासाठी लोक साध्या मोटारींना ३८ इंचांपासून ४४ इंचांपर्यंत उंचीचे टायर लावतात व त्यांतील हवा इतकी कमी करतात की टायर चपटा होऊन बर्फावर पसरतो आणि रुतत नाही. एवढे मोठे चाक मावावे म्हणून मडगार्ड मोठ्या प्रमाणात कापावे लागते. परंतु कापल्यानंतर चाकाची सारी रुंदी झाकणारे नवे, रुंद मडगार्ड त्यावर चढवतात आणि गाडीची तपासणी करून तिची तशी नोंद करून घेतात. तिथेही नियम तोच: जागा घ्या, पण आच्छादन द्या.

मात्र बर्फासाठी योग्य ते आपल्या मातीसाठी योग्य असेलच असे नाही. बर्फ आणि वाळू यांच्यावर रुंद टायर तरंगतो. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी वर वीतभर चिखल आणि खाली घट्ट मुरूम असतो. तिथे अरुंद, खोल खाचांचा टायर वरचा चिखल कापून खालच्या मुरमाला धरतो. जुन्या जीपचे अरुंद टायर म्हणूनच पुष्कळदा उपयोगी पडत. रुंद टायर दिसायला भारदस्त असतो, पण तो चिखलही अधिक गोळा करतो आणि त्याला अधिक जागाही लागते.

या साऱ्याची उजळणी करण्याची वेळ अलीकडे दीपनगरात आली. आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने जुनी बोलेरो घेतली. मुलगा कष्टाळू, गाडीची आवड असलेला. सुटीच्या दिवशी मित्रांबरोबर पाल, यावलच्या बाजूला सातपुड्यात भटकंती करणारा. त्याने कोठे तरी चित्रे पाहून रुंद टायर आणले आणि ते मडगार्डला घासू लागल्यावर पत्रा कापून घ्यायला येथील एका मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने नकार दिला. तेव्हा तो माझ्याकडे आला. म्हणाला, “फादर, तुम्ही अक्राणीला असताना जीपचे मडगार्ड कापले होते ना? तुम्ही मिस्त्रींना एक शब्द सांगा.”

मी त्याला कागद-पेन्सिल घेऊन बसवले. टायरच्या बाजूवर जे आकडे असतात त्यांतच पुष्कळसे उत्तर असते. २१५/७५ आर १५ याचा अर्थ टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, आणि रिम १५ इंची. हिशेब केला तर चाकाचा एकूण व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर येतो. त्याऐवजी २३५/७५ आर १५ लावला तर सुमारे ७३४ येतो. म्हणजे व्यास ३० मिलिमीटरने वाढला. पण गाडीचा आस उचलला जातो तो फक्त निम्म्याने, १५ मिलिमीटर. दीड सेंटिमीटर! तेवढीच जागा मडगार्डखाली वरच्या बाजूने कमी होते, आणि रुंदी वाढल्यामुळे वळताना आतल्या-बाहेरच्या बाजूंनी आणखी दहा-दहा मिलिमीटर. शिवाय वेगदर्शक ६० दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात साडेबासष्टच्या आसपास धावत असेल, कारण मोठे चाक एका फेरीत अधिक अंतर कापते. तो मुलगा आकडे पाहत राहिला. “एवढ्याशासाठी पत्रा कापायचा?” असे तो स्वतःच म्हणाला.

दुसरी गोष्ट कायद्याची होती. आमची जीप कापली गेली त्या काळी, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या बावन्नाव्या कलमानुसार, परिवहन कार्यालयाला कळवून व मान्यता घेऊन वाहनात बदल करण्याची वाट होती आणि आमच्या वरिष्ठ फादरांनी ते कागद रीतसर करून घेतले होते. २००० मध्ये हे कलम बदलले. उत्पादकाने मूळ ठरवून दिलेल्या व नोंदणीपत्रात आलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाला करता येणार नाही, असा मुख्य नियम आला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ अधिक स्पष्ट केला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. मिस्त्रीने नकार दिला तो भीतीपोटी नव्हता. त्याला काम ठाऊक होते आणि कायदाही.

तरुणाला हे जाचक वाटले. “रस्ता सरकारने करायचा नाही आणि गाडीही आम्ही बदलायची नाही, मग पाड्यावर जायचे कसे?” असे तो म्हणाला. त्याचा प्रश्न खोटा नाही. ज्याच्या दारापर्यंत डांबर पोहोचले आहे त्याने तो हसण्यावारी नेऊ नये. झोळी वाहणाऱ्या त्या चौघांनाही तो विचारण्याचा हक्क होता. परंतु मी त्याला विचारले, “तुझी गाडी पाड्यावर वर्षातून किती दिवस जाते? आणि या वसाहतीतून, शाळेसमोरून किती दिवस जाते?” तो काही बोलला नाही. मागच्याच आठवड्यात त्याच्या मडगार्डाबाहेर आलेल्या टायरांनी उडवलेला गढूळ पाण्याचा फवारा शाळेत निघालेल्या दोन मुलींच्या गणवेशावर बसला होता आणि त्या रडत घरी परतल्या होत्या. त्याला ते माहीतच नव्हते. कसे असणार? तो आत बसलेला होता.

पुढे त्याने रुंद टायर विकले. उत्पादकाने सांगितलेल्या मापाचेच, पण खोल खाचांचे टायर घेतले. मागे-पुढे रबरी झडपा लावल्या. मडगार्डच्या आतील जुना, दगडासारखा झालेला चिखल पाण्याने भिजवून काढला तेव्हा नुसत्या त्या सफाईने अंगठाभर जागा निघाली! गाडीत एक खुरपे आणि एक लहान फावडे कायम ठेवले. आता तो मित्रांबरोबर जातो, काळ्या मातीचा पट्टा आला की उतरतो, चाके उकरतो आणि पुढे निघतो. वेळ लागतो, पण तो पोहोचतो.

या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र टायरात नाही. २५ डिसेंबर २००० रोजी, नाताळच्या दिवशी, प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. तेव्हापासून कितीतरी वाड्या-वस्त्यांना पक्का रस्ता मिळाला आहे. असा रस्ता झाला की साध्या चाकांची रुग्णवाहिका दारापर्यंत येते आणि मडगार्ड कापण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही. परंतु डोंगरात अजूनही असे पाडे आहेत की जिथे पावसाळ्यात शेवटचा टप्पा पायांनीच चालावा लागतो. त्या टप्प्याची मोजणी आपण सपाटीवर, कोरड्या दिवसांत करतो आणि समाधान मानतो. ती भर पावसात, गाडी भरलेली असताना आणि चाक खड्ड्यात असताना करायला हवी. चाचांनी विटांच्या थप्पीवर चढवून मोजले तसे.

तोवर आपल्या हाती दोन गोष्टी उरतात. आपल्या चाकाला चिकटणाऱ्या चिखलाला पडून जायला जागा ठेवावी, म्हणजे आपण मध्येच अडून बसणार नाही. आणि ती जागा ठेवताना आपला चिखल शेजारून चालणाऱ्याच्या अंगावर जाणार नाही, याचीही तजवीज करावी. पहिली गोष्ट वाहन चालवणारा प्रत्येक जण अनुभवाने शिकतो. दुसरी मात्र खिडकीची काच खाली करून बाहेर पाहिल्याशिवाय समजत नाही.